एकाच बाजूची केशरी रेघ

इम्तियाज,

पेणमध्ये जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, "गाडीवरून गेला का रे?" बाजारात विचारतात, कारखान्यात विचारतात, रामवाडीच्या नाक्यावर दूधवाल्यानं मुद्दाम थांबून विचारलं. मी सांगतो, नाही हो, घरी गेला, भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, हार्ट अटॅकनं. ते ऐकून माणसं जरा हिरमुसतात. साडेसहाशे सीसीची गाडी बाळगणारा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत मरतो हे त्यांना पटत नाही. त्यांनी मनात एक वळण, एक ट्रक आणि 'चालकाचा ताबा सुटल्याने' ही पेपरातली ओळ आधीच तयार ठेवलेली असते. मग मला चारचौघांत त्या गाडीची बाजू घ्यावी लागते. घरी आल्यावर तिचाच राग येतो. तिच्यामुळे गेला असतास तर निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

ताबा हा शब्द तर आता पेपरात दिसला तरी मी पान उलटतो. आपल्या दोघांत तो तूच आणलास. गाडी एकट्याच्या आवाक्यातली नव्हती म्हणून दोघांत घेतली. पेणचा मी, रोह्याला लागून वरसेचा तू. एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा तुझ्याकडे. रविवारी सकाळी खांबला, हायवेच्या कडेला सुमनमावशींच्या टपरीवर अदलाबदल. ज्याच्याकडे गाडी तो गाडीनं यायचा, दुसरा एसटीनं नाहीतर मिनीडोअरनं. चहा व्हायचा, भांडण व्हायचं, मग चावी टेबलावर पडायची आणि ठेवणारा म्हणायचा, "घे ताबा." तुमच्या घरात जमिनीच्या कुठल्याशा भानगडीपायी तू लहानपणापासून हा शब्द ऐकलेलास. तू तो गाडीला लावलास आणि मी हात पुढे करायला शिकलो.

त्या दिवशी तुझ्या आईचा, चाचीचा फोन आला आणि मी कारखान्याच्या टेम्पोनं रोह्याला पोचलो तोवर सगळं संपलं होतं. दवाखान्यात शवागाराच्या दारात तिथला एक माणूस उभा होता. तुझा भाऊ कुवेतला, त्याला विमान मिळेना. मोहल्ल्यातली माणसं बाहेर गाडीची सोय बघत होती. तुझ्यासाठी दारात मी एकटाच. त्या माणसानं विचारलं, "ताबा कोण घेतंय?" आणि इम्त्या, मी हात पुढे केला. तळवा वर करून, खांबला करायचो तसा. तो बिचारा माझ्या हाताकडे बघत राहिला. मलाही पटकन कळेना की मी काय मागतोय. चावी मागत होतो मी. आत चादरीखाली तू होतास आणि मी दारात चावीसाठी हात पसरून उभा होतो. तुमच्यातल्या कुणीतरी येऊन माझा हात हळूच खाली केला.

आमच्यात जाळतात, तरी आम्ही 'मातीला गेलो होतो' असंच म्हणतो. या वेळी खरोखरच मातीला आलो. मूठभर माती मीही टाकली. माझा जन्म शाडूत गेला, मातीचं काय करायचं हे माझ्या हाताला सांगावं लागत नाही. पण त्या मातीपुढे हात अडाण्यासारखा झाला. टाकली आणि बाजूला झालो.

तेव्हापासून माझं काही खरं नाही. मी आखणीचं काम करतो, म्हणजे गणपतीचे डोळे काढतो, हे तू वरसेत प्रत्येकाला नको तितक्या वेळा सांगितलं होतंस. "हा माझा दोस्त, तुमच्या देवाला दिसतं ते याच्यामुळं." माघी गणपतींची कामं आलीत. या कामात पहिला डोळा फारसा अवघड नसतो. खरी कसोटी दुसऱ्या डोळ्याची. पहिल्याची उंची, पहिल्याचा बाक, पहिल्याची नजर त्याच्यात यावी लागते, केसभर चुकलं तर देव चकणा. हल्ली मी पहिला डोळा काढतो आणि दुसऱ्याला हात उचलत नाही. फळीवर एका डोळ्याचे गणपती ओळीनं बसले होते. शेठ काही बोलले नाहीत, त्यांनी मुकाट्यानं ते दुसऱ्याकडे दिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

आपलं भांडण आठवत बसतो. दुसरं करायला आहे काय? त्या गाडीचं हँडल सलग नाही. दोन तुकडे, पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांना एकेक आवळलेला. नट ढिला केला की वर-खाली सरकतो. तू ते खाली घ्यायचास, टाकीवर पालथं पडून चालवता यावी म्हणून, आणि मागची स्प्रिंग कडक करायचास. मी पेणला आणली की हँडल वर, स्प्रिंग नरम. दर आठवड्याला हा उद्योग. खुणा चुकायला नकोत म्हणून मी कारखान्यातला रंग आणला. माझी रेघ पीतांबराची पिवळी. तुझी मी हिरवी काढायला गेलो तर तू ब्रश धरलास.

"मला हिरवी का? हिरवा काय माझ्या बापानं घेऊन ठेवलाय?"

"मग कुठली पाहिजे?"

"लाल दे. जास्वंदीची."

म्हणून तुझी रेघ लाल झाली. खाली लाल, वर पिवळी. दोन्ही नळ्यांवर.

तुझं म्हणणं असं, की ही गाडी वळणासाठी जन्मलीय. ताठ बसून बाजार करायचा तर स्कूटी घ्यावी. माझं म्हणणं, जी रोज चालत नाही ती गाडी कसली, ती शोकेसमधली बाहुली. वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलं की तिची गरमी मांडीला भाजते, हायवेचे खड्डे तुझ्या कडक स्प्रिंगवरून थेट मणक्यात येतात, माझ्या मनीषाला मागे बसवलं तर ती पेणपासून हमरापूरपर्यंत मला बोल लावते. मला सकाळी कारखान्यात नेणारी, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन आणणारी, आणि मनात आलं तर मोकळ्या रस्त्यावर जीव घशात आणणारी, अशी एकच गाडी हवी होती. तू म्हणायचास, अशी गाडी नसते आणि अशी बायकोही नसते. लग्न न केलेल्या माणसानं हे बोलावं!

एकदा मी चिडून म्हटलं, "आठवडाभर तुझ्या दारात ताडपत्रीखाली झाकून ठेवतोस. धाटावला कंपनीत ने की रोज. बसनं कशाला मरतोस?"

तू चहाच्या ग्लासात बघत म्हणालास, "रोजची केली की ती पन माझ्यासारखी शिफ्ट करायला लागंल. येक तरी गोष्ट असू दे ना संद्या, जी कामाला जात नाय."

मी त्यावर काहीतरी टाकून बोललो आणि विषय गाडीच्या चेनवर गेला. आता ते वाक्य डोक्यातून जात नाही. केमिकलच्या वासाचे कपडे घालून, घरी झोपायला आणि कंपनीत जागायला जाणारा माणूस त्या एका गाडीला सुट्टी देत होता. स्वतःला कधी दिली नाहीस.

आणि भिसे खिंड. रोह्याकडून नागोठण्याला जाताना तू मला जबरदस्तीनं पुढे बसवलंस, तुझ्या लाल रेघेवर, आणि स्वतः मागच्या त्या चिमुकल्या सीटवर टांगून बसलास. मी घाबरलेलो, हात आखडलेले. तू कानाशी ओरडत होतास, "हात ढिले सोड! ती काय सांगते ते आयक!" तिसऱ्या-चौथ्या वळणावर मी खरंच हात ढिले सोडले. पुढचं चाक रस्त्याची खडी न् खडी तळहाताला सांगत होतं. गाडी नजरेच्या मागे जात होती, जिथे बघावं तिथे. इतकी वर्षं मी बारीक ब्रश हातात धरतोय, पण नजर आणि हात असे एक झालेले फार थोड्या वेळा अनुभवलेत. खाली उतरल्यावर मी म्हटलं, "ठीक आहे." तुला एवढंच मिळालं माझ्याकडून. खूप आवडलं होतं रे. माझ्या पिवळ्या रेघेवर ती मुकी होते हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

पण तुझ्याही सेटिंगची खोड मोडणारा एक माणूस होता. चाचीचे गुडघे धरलेले, रिक्षा मिळेना, तेव्हा तू तिला मागे बसवून दवाखान्यात नेलंस. प्रत्येक ब्रेकला ती पुढे येऊन तुझ्या पाठीवर, तिचा भार तुझ्या मनगटावर, आणि तिनं घाबरून तुझे दोन्ही कान धरलेले. रोह्याच्या बाजारातून अशी मिरवणूक गेली. "घोड्यावर बसवलास रे मला मेल्या, तो पन उधळलेला," असं ती दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाली. तूच ते खांबला हसत हसत सांगितलंस, मावशींचा चहा ग्लासाबाहेर सांडवत. सांगून झाल्यावर मात्र जरा वेळ मनगट चोळत बसलास. मी ते पाहिलं, आणि मनात म्हटलं, आता आला वाटेवर.

शेवटच्या रविवारी तूच विषय काढलास. त्या दिवशी ताबा तुझ्याकडे जायचा होता, गाडी मी आणलेली.

"या वेळी मधलं सेटिंग काढतो," म्हणालास. "वळनाला पन चालंल, बाजाराला पन. मग हा नट आवळायचा धंदा बंद."

"मधलं म्हणजे कुणाचंच नाही. ना धड तुझं, ना माझं."

"असं कसं? लाल नि पिवळा मिळून काय होतो?"

"केशरी."

"मग दे केशरी."

"तुला? केशरी? वरसेत बोंब होईल."

"होऊ दे. बोलेन, पेनच्या गनपतीवाल्यानं बाटवलाय." सुमनमावशी आत भजी तळता तळता हसल्या. पिशवीत माझे रंग होतेच. कारखान्यात नवीन रंग आणले की एखादी बाटली पिशवीत राहून जाते. लाल आणि पिवळा बोटानंच कालवून गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून दिला. एक जुना ब्रश दिला. तू बाटली उजेडात धरून बघितलीस. "मस्त," म्हणालास. मी चावी टेबलावर टाकली. "घे ताबा." आपलं शेवटचं बोलणं हे. मधलं जमणार नाही, असं मी पुन्हा एकदा म्हटलं असेन. पैज लावायचं तेवढं राहिलं.

गेल्या रविवारी चाचीनं बोलावलं. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती, आधीच्या निम्मी झालेली. म्हणाली, "घेऊन जा रे बाबा ती गाडी. दारात नको. उटल्या-बसल्या वाटतं, आता किक मारंल." त्या गाडीला किक नाही हे तिला सांगणारा गेला, मी काय सांगणार. शेडखाली जाऊन ताडपत्री काढली.

डावीकडचं हँडल वर सरकवलेलं, नट पक्का आवळलेला, आणि त्याच्याखाली नळीवर केशरी रेघ. सुरेख, सरळ, कुठेही ओघळ नाही. माझ्या हाताखाली राहिला असतास तर ब्रशचं काम जमलं असतं तुला. उजवीकडचं हँडल मात्र खाली, घरी आणल्यावर नेहमीसारखं घेतलं असशील तसं, लाल रेघेवरच. एक खांदा उडवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती गाडी उभी होती. जमिनीवर पाना पडलेला. बाटलीतला रंग वाळून त्याच्यावर साय धरलेली, ब्रश तिच्यातच ताठ झालेला. शेजारी ती खुर्ची. कुणीही ती हलवलेली नव्हती.

चाची मागे येऊन उभी राहिली. "बोल्ला, चाय ठेव गो मा, येक बाजू झाली. दुसरी चाय पिऊन करतो."   मग रंगाच्या बाटलीकडे बोट करून म्हणाली, "तुज्यासाटीच चाललेलं रे त्याचं. बोलायचा, माज्या हँडलवरनं खांब ते पेन जातो तं संद्याचं मनगट आखडतं. देवाचे डोले काडतो तो, त्याच्या मनगटावर घर हाय. बोलत नाय, पन आखडतं."

मी कधी बोललो नव्हतो. तुझ्याकडून गाडी घेतली की खांब ते पेण तुझ्या लाल रेघेवरच चालवत जायचो, पाने काढायचे ते घरी गेल्यावर. दुसऱ्या दिवशी हात जड असायचा, आखणीला उशिरा बसायचो. शेठना कळलं नाही, मनीषाला कळलं नाही. तुला कुठून कळलं? चहाचा ग्लास डाव्या हातानं उचलायचो, त्यावरून? हलकटा, कळलं होतं तर तोंडावर बोलायचं होतंस. भांडायला तर सगळं बोलायचास. आणि मी मात्र समजत होतो की चाचीला मागे बसवून तुझी हाडं दुखली म्हणून तू वाकलास. तुझं हे एवढं समजलं तेव्हा तू ऐकायला नाहीस. आभार कुणाचे मानू मी? त्या खुर्चीचे?

दुसरी बाजू मी केली. नट ढिला केला, हँडल वर घेतलं, आणि समोर उकिडवा बसून डावं बघितलं, उजवं बघितलं. कारखान्यात जे हातून होत नव्हतं ते तिथे झालं. तुझी उंची, तुझा बाक. मोजपट्टी लावली नाही. केसभर वर होतं ते खाली घेतलं. आवळलं. उजव्या नळीवर रेघ मात्र काढली नाही. रंग वाळलेला होता, आणि नसता वाळला तरी काढली नसती.

भिसे खिंडीतून निघालो. रडत चालवू नये एवढी अक्कल होती, म्हणून खिंडीच्या अलीकडे थांबून रडून घेतलं. मग वळणं सुरू झाली. इम्त्या, जमलं होतं रे तुला. मनगटावर भार नव्हता, पाठ मोकळी होती, आणि तरी पुढचं चाक बोलत होतं. खडी न् खडी. भाजीची पिशवीही राहिली असती आणि जीवही घशात आला असता. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांना मूर्ख ठरवून जे शोधलं ते या दोन रेघांच्या मधे, बोटभर जागेत होतं. मी ओरडून म्हटलं, "जिंकलास!" हेल्मेटमध्ये माझाच आवाज माझ्या कानाला लागला. तू जिंकल्यावर जो दात काढून हसायचास आणि पुढचे दोन रविवार त्याच गोष्टीवरून मला छळायचास, ते सगळं मी आनंदानं सोसलं असतं. गाडी इतकी छान चालत होती की ती कुठेतरी आदळावी असं एकदा मनात आलं. मनीषा आठवली, रेस सोडली.

नागोठण्याला पेणचा रस्ता सोडून खांबकडे वळलो. तिकडे माझं काही काम नव्हतं. पण रविवार होता, आणि गाडी तिकडेच जात होती.

सुमनमावशींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत बातमी जाणार तरी कशी, आपली नावंसुद्धा त्यांना धड माहीत नसतील. त्यांनी फडक्यानं टेबल पुसलं आणि हायवेकडे बघत नेहमीसारखं विचारलं, "काय, आज ताबा कुनाकडं?"

 मी खिशातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली, तुझ्या बाजूला, ठेवायचो तशी. कोलाडकडून एक एसटी आली. थांबली. एक बाई उतरली, एक म्हातारा उतरला. एसटी गेली. चहावर साय धरली. मावशी एकदा चावीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून आत गेल्या.

बराच वेळ मी ती तशीच राहू दिली. मग मीच हात पुढे केला आणि मीच उचलली. असा ताबा देत नाहीत रे, इम्तियाज.